ओराचं निळ्या काठाचं भांडं

डटन स्विचमध्ये आर्डिथ क्लिंगरला किळस येणार नाही अशी गोष्ट शोधायला निघालं तर दिवस मावळेल. अंगणातल्या पिंपात लोक प्लास्टिक जाळतात, त्या धुराची तिला किळस. तंबाखू चघळून सोड्याच्या बाटलीत थुंकणाऱ्या पुरुषांची किळस, आणि ती बाटली ट्रकमध्ये उन्हात ठेवून देणाऱ्यांची दुप्पट. कबरींवर खोचलेल्या प्लास्टिकच्या फुलांची, जेलीत चिरून घातलेल्या कोबीची, कुत्र्याला तोंड चाटू देणाऱ्या बायकांची. डब्यातल्या तयार पिठाचा केक आणून "माझ्या आजीची रीत" असं सांगणारीला ती काही बोलायची नाही, फक्त त्या केककडे एकदा बघायची. तेवढं पुरायचं.

गावाला ना पंचायत, ना पोलीस. धान्याचं उंच कोठार, चर्च, बंबघर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिळून वीसेक घरं, एवढाच पसारा. रेल्वेचा रूळ बदलायचा सांधा इथं होता म्हणून 'स्विच'; पुढं रेल्वेनं रूळसुद्धा उखडून नेले, नाव तेवढं मागं राहिलं. अशा ठिकाणी चांगलं-वाईट ठरवायचं कुणी? ते काम आर्डिथच्या नाकानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. हरकत घ्यायची म्हणजे तिच्यासमोर उभं राहायला हवं.

आणि ही काही नाजूक बाई नव्हे. तीस वर्षांवर तिनं शाळेची पिवळी बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांच्या लहानपणच्या ओकाऱ्या तिनं बादली-फडकं घेऊन पुसल्या आहेत. लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पुरुष जेवताना जवळून बघितलेत मी."

चर्चच्या तळघरातल्या जेवणात शेली बोवेनच्या बटाट्याच्या कोशिंबिरीत एकदा केस निघाला. दुसरी कुणी असती तर केस गपचूप रुमालात गुंडाळून पुढं गेली असती. आर्डिथ उठली, सगळ्या गावादेखत भांडं उचललं, कोशिंबीर कचऱ्याच्या डब्यात उलटी केली, भांडं धुतलं, पुसलं आणि शेलीच्या हातात दिलं. म्हणाली, "घे. तुझं भांडं." कोशिंबिरीचं शेलीला फारसं लागलं नाही. भांडं रिकामं दिलं, ते लागलं. पुढची दोन वर्षं ती आर्डिथशी बोलली नाही.

कारण आमच्याकडे कायदे थोडे आहेत, पण जे आहेत ते पाळले जातात. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा त्यातला पहिला. शेजारणीनं बटाटे पाठवले तर भांड्यात चार टोमॅटो घालून द्या, सहा अंडी द्या, काहीच नसेल तर लोणच्याची बाटली द्या, पण रिकामं देऊ नका. आणि ज्याच्याकडून काही परत यायची आशाच नाही, तो दारुडा असो की महिन्यापुरता आलेला भाडेकरू, त्याला पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या फेकायच्या ताटलीतून द्यायचं. ताटली हातात पडली की माणसाला आपली पायरी कळते. तोंडानं कुणी काही बोलत नाही. तोंडानं बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही.

आर्डिथनं तशी ताटली आपल्या सख्ख्या भावाला धाडली होती.

भावाचं नाव लोवेल. कोठारावर धान्य तोलायच्या कामात जन्म गेला. आई-वडिलांच्या घरात तो राहायचा आणि आर्डिथ रस्त्यापलीकडे, अगदी समोर, तिच्या लहान घरात. जोवर लोवेलची बायको मार्जीन होती तोवर ते घर घर होतं. ती गेली आणि कोठारावरची एक मांजर लोवेलच्या मागं घरी आली. मग तिची पिल्लं आली. मग लोवेलला वर्तमानपत्रं फेकवेनात, मग लोण्याचे रिकामे डबे फेकवेनात, मग काहीच फेकवेना. दोन-तीन वर्षांत त्या घराचा वास रस्ता ओलांडून यायला लागला. सगळ्या गावाला स्वच्छता शिकवणारीच्या नाकासमोर, तिच्याच माहेरात, गावातला पहिल्या नंबरचा उकिरडा. लोक तिच्यासमोर त्याविषयी बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं तिला रोज ऐकू यायचं.

शेवटची ती आत गेली होती तेव्हा तिला शेगडीमागं मांजराचं मेलेलं पिल्लू सापडलं होतं, वाळून काडी झालेलं. तिनं ते वर्तमानपत्रात धरून लोवेलसमोर आणलं.

"हे काय आहे?"

लोवेलनं वाकून बघितलं. "पिवळीचं दिसतंय. सापडत नव्हतं."

"लोवेल, हे घर साफ केल्याशिवाय मी पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही."

"बरं."

"बरं काय, बरं?"

"बरं म्हणजे बरं, आर्डी. मी कुठं नाही म्हणतोय."

त्यानं घर साफ केलं नाही. तिनं पाऊल टाकलं नाही. क्लिंगरांचा पीळच तसा, सुंभ जळला तरी न जाणारा. आठ-नऊ वर्षं रस्त्याच्या दोन बाजूंना दोघं राहिली आणि भेटली ती पत्रपेटीपाशी, नाहीतर चर्चच्या दारात.

पण जेवण तिनं थांबवलं नाही. दर रविवारी चर्चहून आल्यावर ती त्याच्या जुन्या ट्रकच्या बॉनेटवर झाकलेलं भांडं ठेवून यायची. डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा, घेवडा, मक्याची भाकरी. भावाला उपाशी ठेवणं ही घाणीहून घाण गोष्ट, असं तिचं मत होतं. भांडं आत जायचं. बाहेर कधी यायचं नाही. पहिलं आलं नाही तेव्हा तिला वाटलं, विसरला. पाचवं-सहावं आलं नाही तेव्हा तिला कळलं की माणूस निर्लज्ज झालाय.

त्यातच आईचं भांडं गेलं. ईस्टरला तिनं आईच्या पद्धतीचे दुधातले बटाटे केले होते, आणि ते त्या एकाच भांड्यात नीट होतात: पांढऱ्या काचेचं, खोल, निळ्या काठाचं, बुडाला आईनं लाल नेलपॉलिशनं स्वतःचं नाव लिहिलेलं, ओरा. चर्चमध्ये भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बायका लिहितात तसं. ते देताना तिला वाटलं होतं, आईचं नाव बघून तरी याला लाज वाटेल. ईस्टर गेला, उन्हाळा गेला, भोपळे पिकले. भांडं आलं नाही.

त्या हिवाळ्यात तिनं पहिल्यांदा अ‍ॅल्युमिनियमची ताटली ठेवली आणि आपल्या खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. लोवेल बाहेर आला. ताटली उचलून बघितली, बुडाला बोटानं टिचकी मारली. मग समोरच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि आत गेला. आर्डिथ स्वतःशीच म्हणाली, कळलं वाटतं. त्यानंतर ताटल्याच जात राहिल्या.

"माझ्या आईचं भांडं त्या उकिरड्यात पडलंय," असं ती गावभर सांगायची. "मांजरं पाणी पीत असतील त्यातून." हे बोलताना तिचं तोंड खरोखर वाकडं व्हायचं.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आधल्या आठवड्यात तो एकदा तिच्या दाराशी आला. आत बंबघराच्या बायका बसल्या होत्या, शेली आणि आणखी तिघी-चौघी, जेवणावळीचे कांदे चिरत. शेली तोवर बोलायला लागली होती, फक्त मागचं विसरली नव्हती. लोवेल जाळीच्या दारापलीकडे उभा राहिला. कोटाच्या आत त्यानं काहीतरी पोटाशी धरलं होतं.

"आर्डी."

"तिथंच थांब. दाराला हात लावू नकोस."

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत काळे कुळकुळीत. रानटी अक्रोडाची हिरवी साल सोलली की असा डाग पडतो आणि महिनाभर जात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आर्डिथलाही माहीत होतं. पण लोवेलच्या हातांवरचा काळेपणा निव्वळ अक्रोडाचाच असेल, हे मानायला ती तयार नव्हती.

मागून शेली हळूच म्हणाली, "मांजराचा वास येतोय का गं कुणाला?" कुणीतरी फिस्सकन हसलं.

आर्डिथच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "घरात माणसं आहेत, लोवेल."

"दिसतायत."

"काय हवंय तुला?"

"हवं काही नाही. राहू दे. टिकेल ते."

"काय टिकेल?"

"टिकेल," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. दाराला त्यानं हात लावला नव्हता. तरी बायका गेल्यावर आर्डिथनं दाराची मूठ ब्लीच घालून पुसली.

जानेवारीत लोवेल गेला. टपालवालीला खिडकीत मांजरांची रांग दिसली आणि पेटीत चार दिवसांचं टपाल. पुरायला कपडे हवे होते, तर आर्डिथ त्या घरात गेली नाही; तालुक्याच्या गावी जाऊन नवा कोट, नवा शर्ट, नवे मोजे घेऊन आली. चर्चच्या तळघरातलं जेवण तिनं स्वतः उभं राहून केलं. लोकांनी लोवेलविषयी चांगलं बोलायचं म्हणून वजनकाटा तो कधी खोटा धरत नसे, असं सांगितलं. घराविषयी कुणी बोललं नाही आणि ताट भरभरून खाणाऱ्या त्या लोकांचीही आर्डिथला किळस आली.

मांजरं कोठारावर परत गेली. घराचं काय करायचं, हे लोवेलचा मुलगा ट्रेंट याच्या हातात होतं. तो शहरात असतो. त्यानं ते बंबघराला देऊन टाकलं, जाळायला.

यात नवल काही नाही. आमच्याकडचे बंबवाले पगारी नव्हेत, शेती, कोठार, गॅरेज सांभाळून आग विझवणारी गावातलीच माणसं. त्यांना सरावाला खरं घर लागतं. मोडकळीला आलेलं, कुणाला नको असलेलं घर मिळालं की एखाद्या शनिवारी त्यात पेंढा पेटवायचा, आत शिरायचं, विझवायचं, पुन्हा पेटवायचं, आणि दुपारी सगळंच सोडून द्यायचं. गाव घडीच्या खुर्च्या घेऊन समोर बसतं. बायका जेवण करतात. आजवर अशी जेवढी घरं जळली तितक्या वेळा मोठ्या पातेल्यातला मसालेदार खिमा आर्डिथनंच ढवळला होता आणि पहिल्या रांगेत बसून म्हटलं होतं, "चला, एक घाण गेली." त्या घरांत कधीकाळी कुणीतरी जन्मलं असेल, हा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. आईचं भांडं. ते त्या घाणीत जळून फुटावं, हे तिला सहन होणारं नव्हतं.

तिनं ट्रेंटला फोन केला.

"आत्या, तिथलं काहीही बाहेर काढायच्या लायकीचं नाहीये," तो म्हणाला. "मी दारातून आत बघितलं आणि पुढचा अर्धा दिवस जेवलो नाही."

"मी तुला जेवायला सांगत नाहीये. तुझ्या आजीचं भांडं आण म्हणतेय."

"मी तुला तसलंच दुसरं पाठवतो ना. ऑनलाइन मिळतात."

"ट्रेंट, तू लहानपणी बसमध्ये मागच्या सीटवर काय करायचास ते मी अजून तुझ्या बायकोला सांगितलेलं नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तेवढ्यानं भांडं मात्र मिळालं नाही.

शनिवार उजाडला तो एप्रिलातला कोरडा, वारा पडलेला, जाळायला सोयीचा. सकाळपासून गाव जमलं. आर्डिथनं खिम्याचं पातेलं बंबाच्या सावलीत मांडलं आणि मुख्य बंबवाल्यापाशी गेली. हा गॅरी बोवेन, शेलीचा नवरा. पहिलीपासून आर्डिथच्या बसनं गेलेला.

"गॅरी, आतून मला एक भांडं आणून दे. पांढरं, निळ्या काठाचं."

गॅरीनं डोकं खाजवलं. "आर्डिथ, मी परवा आत गेलो होतो पेंढा ठेवायला. मला जमीनसुद्धा दिसली नाही. भांडं कुठं शोधू?"

"भांडं जमिनीवर नसतं ठेवत, गॅरी. स्वयंपाकघरामागं कोठीची खोली आहे. असलं तर तिथं."

"एका भांड्यासाठी मी पोरांना त्या ढिगात घालू? तुम्हीच सांगा."

"नको घालूस. मी जाते."

शेजारच्या खुर्चीवरून म्हातारा नॉर्बर्ट म्हणाला, "तू? आत? गॅरी, हिला दोर बांध रे. भोवळ येऊन पडली तर ओढून काढायला बरं."

लोक हसले. गॅरीनं हसू गिळून नाकाला लावायची पट्टी दिली. "लवकर या. अर्ध्या तासात पेटवायचंय. कशाला हात लावू नका."

"तुझ्या आईनं तुला नाक पुसायला शिकवलं नव्हतं तेव्हाची मी तुला ओळखते," आर्डिथ म्हणाली. "मला नको सांगूस कशाला हात लावायचा ते."

आणि ज्या उंबऱ्याची तिनं शपथ घेतली होती तो तिनं ओलांडला.

वास अंगावर आला. मांजरांच्या मुताचा वास नाकापुरता राहत नाही, डोळ्यांत झोंबतो, जिभेवर बसतो. पट्टीचा काही उपयोग झाला नाही. दोन्ही बाजूंना वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांच्या भिंती आणि मधून एका माणसापुरती वाट. पायाखाली काहीतरी मऊ होतं. ते काय, हे तिनं बघितलं नाही. लोण्याचे डबे, तुटके पंखे, फुटलेल्या पोत्यातून सांडलेलं मांजरांचं खाणं आणि त्यात उंदरांच्या लेंड्या. सोफ्यावर लोवेलच्या अंगाचा खळगा पडला होता आणि त्यात मांजरांचे केस इतके दाट होते की दुसरं कापड चढवल्यासारखं वाटत होतं. आर्डिथ थांबली. याच खोलीत मी चालायला शिकले, हे तिला आठवलं आणि त्या आठवणीचीही शिसारी आली. लोवेलचा तिला राग आला, खराखुरा, जिवंत माणसाचा येतो तसा. असा कसा राहिलास रे. डुकरंसुद्धा झोपायची जागा वेगळी ठेवतात.

स्वयंपाकघरात मोरीच्या कठड्यापर्यंत डबे. पण तिच्या लक्षात आलं की वाट तिथं थांबत नाही. ती मोरीवरून वळून कोठीच्या दारापर्यंत गेली होती, आणि दारासमोरची जागा झाडलेली होती. शेजारीच खिळ्याला केरसुणी टांगलेली होती.

तिनं दार ढकललं. ते लगेच उघडलं.

आत वास कमी होता. खिडकीला घट्ट कागद चिकटवला होता, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं होतं, मांजर शिरू नये म्हणून. फळ्यांवर पिठाच्या पोत्यांची स्वच्छ पांढरी कापडं अंथरली होती आणि त्यांवर तिची भांडी होती. सगळी. चौकोनी, लांबट, झाकणाचं, बिनझाकणाचं, धुऊन, पुसून, धूळ बसू नये म्हणून पालथी घातलेली. त्यांच्या पलीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटल्या. त्याही धुतलेल्या. वाकलेले काठ नखानं सरळ करून एकीत एक बसवून ठेवलेल्या. लोक वापरतात आणि फेकतात त्या ताटल्या, त्यानं एकही फेकली नव्हती. पण तो काहीच फेकत नव्हता, असं ती आधी मनाशी म्हणाली. मग तिचं लक्ष खोलीच्या जमिनीकडे गेलं. ती घासलेली होती.

मधल्या फळीवर आईचं भांडं होतं. त्याच्यावर मेणकागद ताणून सुतळीनं बांधला होता. खाली एक तिवई, तिवईजवळ हातोडी, वीट, एक वाकवलेला खिळा आणि टरफलांनी भरलेली बादली.

आर्डिथनं सुतळी सोडली नाही, कागदाचा एक कोपरा वर केला. आत अक्रोड होते. सोललेले, निवडलेले, काठोकाठ. रानटी अक्रोड साध्या अक्रोडासारखा फुटत नाही. विटेवर ठेवून हातोडी घालावी लागते, मग खिळ्यानं कण कण उकरून काढावा लागतो, आणि दिवसभर बसलं तरी वाटीभर निघत नाही. एवढं भांडं भरायला किती संध्याकाळी लागल्या असतील, याचा विचार तिला करवेना.

ती तिवईवर बसली. तिला सगळं एकदम समजलं, आणि समजल्यावर आपण इतकी वर्षं काय समजत होतो, याचीच तिला किळस आली. भांडं रिकामं परत करायचं नाही. आणि त्या घरातून भरून काय देणार होता तो? टोमॅटो दिले असते तर तिनं ते चिमटीत धरून गटारात टाकले असते. अंडी, केक, लोणचं, काहीही दिलं असतं तरी तिनं नाकाला रुमाल लावला असता, आणि हे तिला माहीत होतं तसंच त्यालाही माहीत होतं. म्हणून त्यानं एकही भांडं परत केलं नव्हतं. शेवटी त्यानं अशी वस्तू शोधून काढली होती जिला देवानंच दगडासारखं कवच दिलंय, आत घाण जाऊ शकत नाही. ती फोडायला त्यानं या घरात एक खोली स्वच्छ केली. आणि घेऊन आला तेव्हा तिनं त्याला जाळीच्या दाराबाहेर उभं केलं.

"राहू दे. टिकेल ते," तो म्हणाला होता.

"आर्डिथ," बाहेरून गॅरी ओरडत होता. "आर्डिथ, या आता बाहेर. वेळ झाली."

सगळी भांडी नेण्याइतके हात तिला नव्हते. तिनं आईचं भांडं छातीशी धरलं. जाता जाता सवयीनं कोठीचं दार मांजरांसाठी घट्ट ओढून घेतलं, आणि मग आठवलं की मांजरं आता नाहीत.

बाहेर ती आली तेव्हा तिच्या अंगाला तो वास लागला होता. तिला तो स्वतःलाच येत होता, आणि तिच्या येण्याबरोबर शेलीनं खुर्ची बोटभर मागं सरकवली, तेही तिला दिसलं. इतकं सहज, इतक्या सभ्यपणे सरकवली की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. आर्डिथ आयुष्यभर तशीच सरकवत आली होती.

घर पेटवलं. बंबवाले दोनदा आत गेले, दोनदा विझवलं, पाणी ओतलं, शिट्या वाजवल्या. मग गॅरीनं हात वर केला, सगळे मागं हटले आणि घर सोडून दिलं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे असे पेटले की दुपारच्या उन्हातही चेहरे तांबडे दिसायला लागले. लोक खिमा खात होते.

"मांजरांचा वास आज एकदाचा जाणार गावातून," शेली म्हणाली. मग आवाज गोड करून, "आर्डिथ, तुम्हांला वाईट वाटत असेल नाही? तुमच्या माहेरचं घर."

"वाटतंय."

असं सरळ उत्तर येईल याची शेलीला अपेक्षा नव्हती. तिनं विषय बदलला. "भांडं मिळालं म्हणायचं. चांगलं उकळत्या पाण्यातून काढा हं. आत काय आहे?"

आर्डिथनं सुतळी सोडली, कागद बाजूला केला आणि भांडं पुढं धरलं. "अक्रोड. लोवेलनं निवडलेले. घे."

शेली भांड्याकडे बघत राहिली. मग जळत्या घराकडे. "मी आत्ताच जेवलेय, आर्डिथ."

आर्डिथनं भांडं नॉर्बर्टकडे फिरवलं.

"माझे दात कुठं राहिलेत आता," नॉर्बर्ट म्हणाला. त्याच्या मांडीवर खिम्याचं अर्धं खाल्लेलं ताट होतं.

गॅरी टोपी काढून घाम पुसत आला, त्याच्यापुढंही तिनं भांडं धरलं. त्यानं आत बघितलं, हात वर केले, म्हणाला, "माझे हात घाण आहेत हो," आणि बंबाकडे वळला.

ही सगळी वाक्यं आर्डिथच्या ओळखीची होती. गावाला ती तिनंच शिकवली होती. ज्या घरचं खायचं नाही तिथं "आत्ताच जेवून आलेय" असं हसून म्हणावं, हे या बायका तिच्याकडे बघूनच शिकल्या. आज पहिल्यांदा ते वाक्य तिला पलीकडच्या बाजूनं ऐकू आलं. ते किती स्वच्छ आणि किती घाणेरडं वाक्य आहे, हे तिला त्यांच्या तोंडून कळलं, आणि त्या सगळ्यांची, सगळ्यांत आधी स्वतःची, तिला अशी शिसारी आली की तशी त्या घरातल्या वासाचीही आली नव्हती.

समोर छप्पर कडाकडा बोलत खचलं. कोठीच्या बाजूनं काच फुटल्याचा आवाज आला, एकामागून एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आर्डिथनं चिमूटभर अक्रोड तोंडात टाकले. ते थोडे खवट झाले होते. नोव्हेंबरात चांगले असणार. तिनं चावून गिळले आणि आणखी घेतले. शेली बघत होती. नॉर्बर्टही खायचा थांबून बघायला लागला. तिसऱ्या घासाला जिभेला काहीतरी लागलं. तिनं दोन बोटांनी ते काढलं आणि आगीच्या उजेडात धरलं. केस होता. आखूड, पिवळा, मांजराचा.

शेली खुर्चीत पुढं सरकली. केसापायी काय होऊ शकतं, हे तिच्याइतकं तिथं जमलेल्यांत कुणाला माहीत नव्हतं.

आर्डिथनं केस पँटला पुसला आणि पुन्हा भांड्यात हात घातला.